आजार कुणाच्या वाट्याला येतो, हे शिकायचंय

इंदूरच्या लोकमान्य नगरातून चोवीस वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे. पत्र लांबलचक आहे, त्यातला गाभा तिच्याच शब्दांत देते:

"ताई, समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी चार महिने एका सर्वेक्षणात काम केलं. शहरातल्या वस्त्यांमध्ये जायचं आणि बाळंतपण, लसीकरण, दवाखान्याचा खर्च याबद्दलची प्रश्नावली भरून आणायची. एकाच शहरात, दोन किलोमीटरच्या अंतरावर माणसांची तब्येत एवढी वेगळी का, याचाच अभ्यास आयुष्यभर करावा असं तेव्हापासून वाटतंय. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, आधी बी.एड. करून नोकरी पक्की कर. आत्या म्हणते, आरोग्याची एवढी ओढ होती तर डॉक्टर व्हायचं होतंस. दादा पुण्याला आयटीत आहे, तो म्हणतो यात पैसा नाही. मला स्वतःला आकडेमोडीची भीती वाटते. आणि एक गोष्ट मनातून जात नाही. प्रश्नावली अर्धी भरून झाल्यावर एका बाईने मला विचारलं, 'तुम लोग पूछ-पूछ के चले जाते हो, हमको मिलता क्या है?' मला उत्तर देता आलं नाही. हे क्षेत्र निवडू का? निवडलं तर पुढे कसं जाऊ?"

सस्नेह नमस्कार,

निवड. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं 'कसं' याबद्दल बोलता येईल. चार महिने उन्हातान्हात प्रश्नावल्या भरल्यावरही ज्या मुलीच्या डोक्यातून तो प्रश्न जात नाही, तिने तो बाजूला ठेवून बी.एड.ला बसू नये. शिक्षकी पेशाबद्दल मला आदर आहे, माझंही आयुष्य शिकवण्यात गेलं. पण केवळ नोकरी पक्की म्हणून वर्गात उभं राहिलेल्या माणसाचे हाल त्याच्या विद्यार्थ्यांनाही भोगावे लागतात.

आता आत्याचं म्हणणं. आरोग्य म्हणजे डॉक्टर, ही समजूत आपल्या घराघरांत इतकी पक्की आहे की तिचं नीट उत्तर द्यायला हवं. त्यासाठी आपल्याच भागातलं एक प्रकरण सांगते.

अलीराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा, बालासिनोर भागातल्या गारगोटीचे दगड दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. दगडाची ती बारीक भुकटी श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, रोग बरा करणारं औषध नाही. गावी परतलेली तरणीताठी माणसं, बायका आणि पुरुष दोन्ही, दम लागून झिजत गेली. लक्षणं मिळतीजुळती असल्यामुळे कित्येकांना क्षयाची औषधं दिली गेली. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत पोचलं. २०१० मध्ये आयोगाने मरण पावलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश व्हायला २०१६ साल उजाडलं.

यात डॉक्टरचं काम मोठंच आहे. क्ष-किरणाचा फोटो पाहून हा क्षय नाही, सिलिकोसिस आहे, हे तोच सांगणार. पण त्या फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी बघ. एकाच पाड्यातली इतकी माणसं त्या कारखान्यात का गेली? डोंगरउतारावरची कोरडवाहू जमीन, पावसाळ्यात एक पीक, मग घरात धान्य नाही आणि डोक्यावर उचल. त्यांना तिथे कोणी नेलं? हजेरीपटावर नावं होती का? नसतील, तर आपण तिथे कामाला होतो हे विधवेने कशाच्या आधारावर सिद्ध करायचं? क्षयाचं निदान वर्षानुवर्षं का पुसलं गेलं नाही? तपासणाऱ्याने 'कुठे काम केलंस' हे विचारलंच नाही, म्हणून? पीडितांच्या संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून याद्या केल्या: कोण कुठे कामाला होतं, किती महिने, सोबत कोण होतं, आता कोण जिवंत आहे. त्या याद्या नसत्या तर २३८ हा आकडाच जन्माला आला नसता. तुला जे शिकायचं आहे ते हेच आहे, आत्याला हे सविस्तर सांग.

दुसरं एक काम टेबलाशी बसून झालेलं आहे. मध्य प्रदेशासह नऊ राज्यांत २०१०-११ मध्ये झालेल्या वार्षिक आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे तपासून काही संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं सरासरी आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी आणि मुसलमानांचं सुमारे एक वर्षाने कमी निघालं. 'ते गरीब असतात म्हणून' असं कोणीही चटकन म्हणेल. पण आर्थिक परिस्थितीतला फरक हिशेबात घेतल्यावर या दरीचा निम्म्याहून कमी भागच उलगडला. उरलेला भाग कशाचा? पाणी, वस्तीची जागा, दवाखान्यात मिळणारी वागणूक, बाईने घरात शेवटी जेवणं, पिढ्यान् पिढ्या अंगावर पडलेलं काम? या 'उरलेल्या' भागावर आयुष्य खर्च करण्यासारखं आहे. मला तरी याहून महत्त्वाचं काम आपल्या विषयात दुसरं दिसत नाही.

आणि ते आपल्या राज्यात व्हायला हवं. सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या आकड्यांत देशाचा अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण, हजार जिवंत जन्मांमागे २८ होता, केरळचा ६, आणि मध्य प्रदेशचा ४३, देशात सर्वांत जास्त.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येते. तुझं सगळं पत्र त्या प्रश्नाभोवती फिरतंय. तिचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं खरं उत्तर आहे: 'लगेच काही मिळणार नाही.' हे उत्तर प्रश्नावली अर्धी झाल्यावर देऊन चालत नाही, उंबऱ्याबाहेर उभं असतानाच द्यावं लागतं. आम्ही कोण, कशासाठी विचारतोय, तुमचं नाव कुठे जाईल आणि कुठे जाणार नाही, उत्तर नको असेल तर तुम्ही आत्ता, किंवा मधेच, नाही म्हणू शकता, आणि नाही म्हटल्याने तुमचं रेशन किंवा कार्ड बंद होणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. प्रत्यक्षात मात्र संमतीपत्र घाईघाईने वाचून अंगठा घेतला जातो, कारण रोज अमुक इतक्या प्रश्नावल्या भरायचं बंधन वरून आलेलं असतं. तुलाही तसं बंधन असणार. पुढे कधी एखाद्या सर्वेक्षणाची आखणी तुझ्या हातात आली तर त्या संमतीसाठी वेळ राखून ठेव.

या बाबतीत इंदूरच्या माणसाला तर जास्तच जागं राहायला हवं. रुग्णांवर होणाऱ्या औषध-चाचण्यांचा प्रश्न घेऊन २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला स्वास्थ्य अधिकार मंच आपल्याच शहरातला. रुग्णाला नीट कळलं होतं का, त्याची संमती खरी होती का, हेच त्या प्रकरणाच्या मुळाशी होतं. २०१९ मध्ये चाचण्यांचे नवे नियम आले, त्यांच्यामागे हा सगळा झगडा आहे. प्रश्नावलीने कोणाच्या शरीरात औषध जात नाही हे खरं, पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून काही घेण्याचा धोका तोच आहे.

मग द्यायचं काय? पैसे नाहीत, आश्वासन तर मुळीच नाही. पण तू तिथे बसलेली असताना बाळाचा डोस राहिलाय असं कळलं, तर वही मिटून उठायचं नाही. वस्तीची आशाताई कोण, लसीकरणाचा दिवस कोणता, हे विचारून तिला सांगायचं, जमलं तर आशाताईंना स्वतः कळवायचं. यामुळे 'अभ्यास बिघडतो' असं सांगणारे तुला भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. दुसरं, अभ्यासातून जे निघालं ते त्या वस्तीत परत नेऊन सांगायचं, हिंदीत, साध्या बोलण्यात, बायका कामावरून परतल्यावरच्या वेळेला. आपल्याकडे अहवाल दिल्लीला जातो, भोपाळला जातो, फक्त ज्या गल्लीतून आला तिथे जात नाही. परत गेलीस की लोक तुझ्या निष्कर्षांतल्या चुकाही दाखवतात. हा फायदा कुठल्याही परिसंवादात मिळत नाही.

एक सावधगिरीची सूचना. तुमच्या किंवा शेजारच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी अशाच एखाद्या वस्तीत राहत असतील. 'आपल्या मावशींपासूनच सुरुवात करावी' असा मोह होईल. करू नकोस. ज्यांचा पगार तुमच्या घरातून जातो, त्या तुला नाही कसं म्हणणार? त्यांच्याशी बोल, त्यांच्या पाठदुखीची चौकशी कर, आईशी बोलून त्यांना पगारी रजा मिळेल असं बघ. पण त्यांचं बोलणं वहीत उतरवू नकोस.

आकडेमोडीची भीती. समाजशास्त्राच्या कित्येक विद्यार्थ्यांची ही भीती मी पाहिली आहे, आणि ती घालवावीच लागेल असं मी स्पष्ट सांगते. नुसत्या मुलाखतींवर आरोग्याच्या विषमतेचा अभ्यास उभा राहत नाही. 'एका वस्तीतल्या चार बायका असं म्हणाल्या' एवढ्यावर सरकारी अधिकारी तुला दारातून परत पाठवेल. उलट नुसत्या आकड्यांचाही भरवसा धरता येत नाही, त्याकडे मी लगेच येते.

गणित फार अवघड नाही. टक्केवारी, दर, सरासरी येत असेलच. त्यानंतर वयानुसार प्रमाणित केलेले दर म्हणजे काय, नमुना कसा निवडतात, आणि एका घटकाचा परिणाम दुसऱ्यापासून वेगळा कसा काढतात, एवढं समजलं की बरीच मजल मारता येते. 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याही आधी एक काम कर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची, म्हणजे २०१९-२१ची, जिल्हावार पत्रकं कुणालाही पाहायला मिळतात. इंदूरचं आणि अलीराजपूरचं पत्रक शेजारी ठेव आणि दहा ओळी निवडून फरक हाताने वहीत मांड. मग त्याच सर्वेक्षणातला देशाचा एक आकडा बघ: सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या घरांत पाच वर्षांखालची ४६ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यात २३ टक्के. आपण इथे 'अरेरे, गरीब' म्हणून थांबतो. पण श्रीमंत घरांतलं जवळजवळ प्रत्येक चौथं मूल खुजं का, हेही विचार. भीती अशीच जाते, प्रश्न पडला की हात आपोआप पुढच्या तक्त्याकडे जातो.

आता आकड्यांवर डोळे मिटून विश्वास का ठेवायचा नाही ते. झाबुआ-अलीराजपूरकडे दिवाळीनंतर गेलीस तर पाड्यांमध्ये कुलपं दिसतात. माणसं मजुरीसाठी गुजरातेत गेलेली असतात, लहान मुलं कडेवर घेऊन. होळीआधीच्या भगोरियाच्या जत्रेला परततात, मग पुन्हा जातात. त्या काळात पाहणीचं पथक आलं तर कागदावर लिहितं, 'घर बंद'. ज्यांचं दूध तुटलंय, ज्यांची लस हुकलीय, जी मुलं बांधकामाच्या रेतीत झोपतात, नेमकी तीच घरं तक्त्यातून गळतात. घरी राहिलेले त्या मानाने बरे असतात, आणि जिल्ह्याची तब्येत आहे त्याहून बरी दिसते. शहरातही हेच. इंदूरमध्ये वस्त्यांचे नकाशे तयार करण्याचं काम झालं तेव्हा सरकारी यादीत नसलेल्या वस्त्या सापडल्या. जी वस्ती यादीत नाही तिला अंगणवाडी कुठून मिळणार, आणि तिथलं मूल कुणाच्या सरासरीत मोजलं जाणार? हे ओळखायला पायी हिंडलेलं माणूस लागतं. तू चार महिने हिंडली आहेस, तेवढं भांडवल तुझ्याकडे आहे.

भाषेचंही तसंच. तुझी हिंदी उत्तम असेल, माळवीही कानावर पडत असेल. भिली किंवा निमाडी बोलण्यापुरती शीक. दुभाष्यामार्फत बाळंतपणाबद्दल विचारलं की बाई दुभाष्याला उत्तर देते, तुला नाही.

पुढच्या वाटा सांगते, थोडक्यात, कारण नियम बदलत राहतात आणि त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहणं तुलाच करायचं आहे.

एम.ए. झालेलं आहे, तेव्हा पहिलं काम नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधन शिष्यवृत्तीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. वर्षातून दोनदा होते. तीन तास, दोन पेपर, चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. त्यात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,०००, वर घरभाडं. दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. वयाची अट ३० वर्षांची असली तरी मुलींना ५ वर्षांची सवलत आहे. 'यात पैसा नाही' म्हणणाऱ्या दादाला एवढं सांग. आयटीएवढा नाहीच, पण पीएच.डी. करताना बाबांपुढे हात पसरावा लागणार नाही.

दुसरी वाट सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीची. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासूनची, तिथे सामाजिक रोगपरिस्थितिविज्ञानात, म्हणजे रोग समाजात कुणाला आणि का होतात या अभ्यासात, एम.पी.एच. करता येतं आणि त्यासाठी डॉक्टर असण्याची अट नाही. तुझ्या आकड्यांच्या भीतीवर तो चांगला उपाय ठरेल. पीएच.डी.साठी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य केंद्र बघ, तिथे समाजशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एकाच टेबलाशी बसून वाद घालतात. घराजवळ हवं असेल तर उज्जैनची मध्य प्रदेश सामाजिक विज्ञान संशोधन संस्था आहे, महूचं डॉ. आंबेडकर सामाजिक विज्ञान विद्यापीठ आहे. पण माझा अनुभव असा की संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून विचार: सर किंवा मॅडम मसुदा वाचतात का, क्षेत्रात कधी येतात का, विद्यार्थ्याच्या नावाने निबंध छापू देतात का. पीएच.डी.ला चार-सहा वर्षं सहज जातात, तेवढा काळ या तीन प्रश्नांवरच ठरतो.

नोकऱ्या आहेत, बहुतेक कंत्राटी. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पदं, वैद्यकीय महाविद्यालयांच्या समुदाय वैद्यक विभागांत चालणारे संशोधन प्रकल्प, वैद्यकीय समाजकार्याची पदं, सर्वेक्षण करणाऱ्या कंपन्या, मुंबईच्या 'सेहत' किंवा पुण्याच्या 'साथी'सारख्या आरोग्य-हक्कांवर काम करणाऱ्या संस्था. अकरा महिन्यांचा करार, मग नवा प्रकल्प, मधे दोन-तीन महिने रिकामे, असं पहिली काही वर्षं होऊ शकतं. या क्षेत्राचा हा खरा जाच आहे, तो मी लपवत नाही. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या तरुण पोरींनाच आजारपणाची पगारी रजा नसते, याचा मला मनापासून राग आहे. प्रकल्पावर रुजू होताना करार वाचून घे: प्रवासखर्च कोण देणार, रात्री मुक्काम असेल तर सोय काय, विमा आहे का, अहवालात तुझं नाव येणार का. विचारायला संकोचू नकोस.

लगेच बाहेर जा असं मात्र मी सांगणार नाही. एक वर्ष इंदूरमध्येच काढ. नेटचा अभ्यास आणि एखादा प्रकल्प, दोन्ही हातात हात घालून चालतात.

या शहराला आपल्या विषयात एक जुना मान आहे, तो फार कुणाला ठाऊक नसतो. पॅट्रिक गेडेस हा स्कॉटिश नगररचनाकार, स्वतः समाजशास्त्रज्ञ, होळकर दरबारासाठी इंदूरचा अभ्यास करायला आला होता. प्लेगचे दिवस होते. गल्ल्यागल्ल्या पायी हिंडून त्याने शहर पाहिलं, आणि दिवाळीला एक मिरवणूक काढायचं ठरवलं. तिचा मार्ग ठरलेला नव्हता. ज्या भागातले लोक सर्वांत जास्त घरं झाडून-सारवून दुरुस्त करतील, तिथून ती जाणार होती. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि झाडूवाल्यांनाही मानाने चालवलं होतं. १९१८ मध्ये त्याचा इंदूरवरचा अहवाल दोन खंडांत निघाला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा पहिला प्राध्यापक तोच, आणि १९२४ मध्ये त्या विभागाची धुरा आपल्या मालवणच्या गो. स. घुर्यांकडे आली. म्हणजे मुंबईतला हा विभाग सुरू व्हायच्या आधी त्याचा पहिला प्राध्यापक आपल्या राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून चालला आहे.

मला त्या मिरवणुकीतले झाडूवाले विसरता येत नाहीत. मान एका दिवसाचा होता. आज इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं म्हणून मिरवतं, आणि तो अभिमान मलाही आहे. पण पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईची फुप्फुसं कोणी तपासली? तिच्या कामाच्या टप्प्यात तिला वापरता येईल असं शौचालय कुठे आहे? कायम आणि ठेकेदाराकडची, या दोघींपैकी तापात कोण घरी थांबू शकते? हे काम पिढ्यान् पिढ्या एकाच समाजाच्या वाट्याला का? तुला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा घे. शहरापासून दूर जायला नको, परदेशी अनुदान नको, पहाटे पाचला उठावं मात्र लागेल.

राहिले बाबा. त्यांना तुझी काळजी आहे, विरोध नाही, असं मला पत्रातून वाटलं. त्यांनी आयुष्य बँकेत काढलं आहे, म्हणून त्यांना लंडनचा व्हाइटहॉल अभ्यास सांग. १९६७ मध्ये सुरू झाला. सुमारे १८ हजार सरकारी नोकरदार पुरुष. कुणीही बेकार नाही, कुणी उपाशी नाही, सरकारी दवाखाना सर्वांना सारखाच खुला. तरी हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-दरवानांमध्ये तिपटीहून जास्त. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. आणि तो फरक पायरीपायरीने होता, कारकुनाचा धोका अधिकाऱ्यापेक्षा जास्त, शिपायाचा कारकुनापेक्षा. १९८५ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या अभ्यासात बायकाही होत्या, आणि आपल्या कामावर आपला ताबा किती, या गोष्टीचा हृदयाशी संबंध दिसून आला. या कामाशी जोडलेले मायकेल मार्मट पुढे २००५ ते २००८ जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक निर्धारकांवरच्या, म्हणजे आरोग्य ठरवणाऱ्या सामाजिक कारणांवरच्या, आयोगाचे अध्यक्ष झाले. बाबांनी शाखेत शिपाई, कारकून, मॅनेजर सगळे पाहिलेत. कुणाची बदली कुणाच्या हातात होती, कुणाला बसायला खुर्ची होती, निवृत्तीनंतर कोण किती जगलं, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना विचार आणि ऐकून घे.

मग हिशेबाचं बोल, तेही बँकेच्या माणसाला आवडेल असं. दोन वर्षं मागून घे. या दोन वर्षांत नेटच्या चार परीक्षा होतील, एका प्रकल्पाचा पगार येईल, त्यातला काही भाग घरात दे. नेट झाली की मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या सहायक प्राध्यापक परीक्षेचं दार उघडतं, ती नोकरी बी.एड.नंतरच्या नोकरीइतकीच पक्की आहे आणि संशोधनाची मोकळीक तिच्यात जास्त आहे. दोन वर्षांनी काहीच जमलं नाही तर बी.एड. कुठे पळून जात नाही. लग्नाचा विषय तुझ्या पत्रात नाही, पण निघाला तर त्यालाही हीच मुदत सांग.

पुढच्या नेटचा अर्ज निघाला की लगेच भर, यंदा बी.एड.चा भरू नकोस. बाबांशी बोलणं झाल्यावर त्यांच्या काही शंका उरल्या तर त्यांनाच लिहायला सांग, मी त्यांना वेगळं उत्तर देईन.

तुझी,
ताई